आधी खिडकी

ईशान आणि मुक्ता,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान हसत हसत म्हणाला, "आजी, काल आमच्या किचनची लॅब झाली होती. रूममेटने गांजाचं तेल काढलं, अल्कोहोल वापरून." मी एवढंच विचारलं, की खिडकी उघडी होती का? तर ईशान, तू म्हणालास, "बाहेर उणे पंधरा आहे आजी, खिडकी कोण उघडणार? शिवाय शेजाऱ्यांना वास गेला असता." मग माझा चेहरा दिसेनासा झाला, आणि तुम्ही समजलात की दिंद्रुडची रेंज गेली. रेंज गेली नव्हती. फोन मीच बंद केला.

चौथ्या दिवशी ही वही काढली. मुक्ता, जोडाक्षरं अडली तर दादाकडून वाचून घे, पण शेवटपर्यंत वाच. ही गोष्ट मी तुमच्या आईबाबांनाही पूर्ण सांगितलेली नाही. ज्याची आहे तो माणूस गेल्या हिवाळ्यात गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ईशान, तू पाच वर्षांचा असताना त्यांना भेटला आहेस. अंगणात उन्हात बसून त्यांनी गवताची काडी नुसत्या हवेत धरली आणि ती भुरकन पेटली. तू त्यांना जादूवाले आजोबा म्हणायचास. आम्ही सगळे त्यांना खिडकीअण्णा म्हणत होतो.

खिडकीअण्णा आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होते. चौतीस वर्षं. सकाळी कुलूप काढलं की ते दिवा लावत नसत, टेबल पुसत नसत, पाणी भरत नसत. आधी प्रयोगशाळेच्या सहाच्या सहा खिडक्या उघडत. थंडी असो, वावटळ असो, परीक्षा असो. "आधी खिडकी, मग बाटली," हे त्यांचं वाक्य. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचे कागद वाऱ्याने उडाले आणि साहेब चिडले. "खिडक्या लावा हो त्या!" अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, कागद उडला तर पुना लिवता येतोय. मानूस उडला तर कसं करावं?" दुसऱ्या दिवशी ते नदीतून गोटे घेऊन आले आणि प्रत्येक टेबलावर एकेक ठेवला. साहेबांच्या नावाचा गोटा वेगळा होता. तो सगळ्यात मोठा.

ते मूळचे आष्टीकडचे, मेंढपाळाच्या घरचे. भाऊ मेंढरांमागे गेले आणि हे सातवीपर्यंत शिकून शाळेत लागले. उंच, काटक, टोपी नेहमी थोडी पुढे ओढलेली. बिडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा दिवसाला एकच. पोरांच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली की ते ती सगळ्यांदेखत बेसिनमध्ये धुऊन टाकत आणि म्हणत, "आता जा, आन बापाला सांग अण्णानं धुतली म्हनून." एकही बाप कधी भांडायला आला नाही.

मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. माझं शिक्षण हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, तुम्हाला ठाऊक आहेच. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं मराठी पुस्तकी आणि शिस्त जरा जास्तच होती. कपाटात वस्तू उंचीप्रमाणे, पर्समध्ये रुमाल, सेफ्टी पिन, एक पेन जादा आणि वीज जाते म्हणून एक काडेपेटी. शाळेतल्या बाया हसायच्या. "बाईंच्या पर्समधी एक दुकानच हाय," असं अण्णा म्हणायचे, पण त्यांच्या आवाजात चेष्टेपेक्षा मान जास्त असे. व्यवस्थित माणसाला व्यवस्थित माणूस ओळखतो. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

आणि दुसरी सुरुवात चिठ्ठ्यांची. प्रयोगशाळेतल्या एकाही बाटलीला त्यांनी चिठ्ठीवाचून राहू दिलं नाही. डिंकाने चिकटवलेला पांढरा कागद, त्यावर निळ्या शाईत नाव आणि खाली त्यांच्या मनाचा एक मजकूर. 'तेजाब. हात लावशील तर रडशील.' 'चुना. डोळ्यात नको.' 'साधं पाणी. तरी विचारून घे.' वर इंग्रजी नाव हवं, असा नियम आला तेव्हा ते मधल्या सुट्टीत माझ्याकडे कागद घेऊन आले. मी नावं लिहून द्यायची आणि ते ती अक्षरं चित्रासारखी उतरवून काढायचे. अक्षरं मोजायचे. एक जरी कमी भरलं तरी कागद फाडून नवा. मी म्हटलं, "अण्णा, इतकं कशाला?" तर म्हणाले, "बाई, चिठ्ठी खोटी लागली तर बाटलीचा काय दोष? मरनारा मरून जातोय आन नाव बाटलीचं होतंय."

तुझी ती जादू ईशान, ती दर वर्षी आठवीच्या वर्गाला दाखवली जायची. ते स्पिरिटचा दिवा पेटवून थेट उन्हात ठेवत. मग विचारत, "इझला का पेटला?" पोरं म्हणत, "इझला!" कारण स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसतच नाही. अण्णा वाळलेली काडी दिव्याच्या वर धरत, ती पेटे आणि वर्गाचा श्वास अडके. मग ते दिव्याला फुंकर न मारता वरून टोपण घालत. "दिसत न्हाई म्हनून न्हाई, असं समजू नका रे. ह्ये जनावर मुकं हाय." आठवीची कितीतरी पोरं आज कुठेकुठे आहेत, पण हे वाक्य त्यांना विचारा, आठवेल.

ते निवृत्त झाले, मागोमाग मीही झाले. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्यांच्या मुली लग्न होऊन लांब गेल्या, घरात अण्णा आणि कमलताई दोघंच. कमलताई ठेंगण्या, हसऱ्या, ज्वारीची भाकरी त्यांच्यासारखी कोणी करत नसे. मग त्यांना हाडात पसरलेला कॅन्सर निघाला. मोठ्या शहरात नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं आणि अण्णांनी ते वाक्य तिथेच संपलं असं धरलं. घरी न्यायचं म्हणजे पुढे काहीच विचारायचं नाही, असा त्यांचा समज. मी आठवड्यातून दोनदा जात असे. "कसं आहे अण्णा?" "आराम हाय." कमलताईंना विचारावं तर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, "आराम हाय बाई." आणि मी, इतकी शिकलेली, त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून घरी यायची.

त्या दिवसांत एका दुपारी अण्णा माझ्याकडे कागद घेऊन आले. पूर्वीसारखाच, घडी घातलेला. त्यावर चार इंग्रजी शब्द, चित्रासारखे उतरवलेले. "बाई, ह्याचा अर्थ सांगा." मोबाईलवर कुठला तरी गोरा माणूस काहीतरी शिकवत होता, त्याच्या खाली येणारे हे शब्द, असं त्यांनी सांगितलं. मी खूश झाले. या वयात शिकायची हौस! एक्स्ट्रॅक्ट म्हणजे अर्क. सॉल्व्हंट म्हणजे ज्यात विरघळतं ते. तिसरा शब्द आता आठवत नाही. चौथा होता व्हेंटिलेटेड. मी म्हटलं, "हवेशीर. म्हणजे खोलीत वारा खेळता हवा." अण्णा हसले. किती दिवसांनी हसले होते. "म्हंजी आधी खिडकी."

"तेच," मी म्हटलं. आणि चहा ठेवला. कशासाठी हवं आहे हे मी विचारलं नाही. मुलांनो, हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं आहे.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले असतील. उन्हाळ्याची सुरुवात होती. दुपारी चारच्या सुमारास मी कमलताईंना भेटायला गेले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि अण्णांच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद. पुढचं दार नुसतं लोटलेलं. मला वाटलं, उन्हासाठी लावल्या असतील. आत गेले तर अंधार, आणि एक वास. इंजेक्शनआधी कापसाला लावतात तो, आणि त्याच्याखाली ओल्या गवतासारखा जड काहीतरी. नर्स येऊन गेली असेल, असं मी मनात म्हटलं. बघा, मी प्रत्येक गोष्टीला कशी चिठ्ठी लावत गेले, आणि एकही बरोबर नव्हती.

कमलताई पुढच्या खोलीत खाटेवर होत्या. मला बघून पुटपुटल्या, "दिवेलागण झाली का वो बाई? ह्येनी आज दिवाच न्हाई लावला देवापाशी. इसरले." मी म्हटलं, "अजून चार वाजलेत ताई." त्या रडायला लागल्या. "अंधार पडलाय की. देव अंधारात हायेत." त्यांचा समज तो अंधार बघून झाला होता. आजारी माणसाशी वेळेवरून काय वाद घालायचा? स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत देवळी होती, तिच्यात निरांजन. मी काडेपेटी शोधली. कट्ट्यावर नाही, देवळीत नाही, शेगडीजवळ नाही. शेगडी तर जागेवरच नव्हती. मला नवल वाटलं, पण थांबले नाही. माझ्या पर्समध्ये काडेपेटी होती ना.

अण्णा मागच्या दारातून पाण्याची घागर घेऊन आत येत होते. मी काडी पेटीवर धरलेली त्यांनी पाहिली. ते "बाई, न्हा..." एवढंच म्हणाले.

आवाज मोठा झाला नाही. कोणीतरी चादर झटकावी तसा झाला. एक निळी रेघ माझ्या पायांपासून जमिनीवरून स्वयंपाकघरात पळत गेली आणि तिथली परात पेटली. माझ्या साडीचा काठ चुरचुरला. अण्णांनी घागर टाकली. पाण्याचा त्यांनी उपयोग केला नाही. ते परात दोन्ही हातांनी उचलून, खाटेपासून लांब, मागच्या दारातून अंगणात धावले. कमलताई आणि आग यांच्यामध्ये अंतर पडावं एवढंच त्यांना हवं होतं. दारात ठेच लागली आणि परातीतलं त्यांच्या हातांवर सांडलं.

मी मागे धावले. अंगणात लख्ख ऊन. परात पालथी पडलेली आणि अण्णा हात हवेत धरून उभे. मला त्यांच्या हातांवर काही दिसलं नाही. मी ओरडले, "विझलं अण्णा, विझलं!"

"न्हाई बाई! पेटलेत! दिसत न्हाई! गोनपाट टाका!"

तेव्हा मला त्यांच्या सदऱ्याची बाही आपोआप काळी होत कोपराकडे चढताना दिसली. हौदाजवळ ओलं गोणपाट पडलं होतं. ते मी त्यांच्या हातांवर टाकलं आणि वरून मिठी मारली. फुंकर मारायची नाही, टोपण घालायचं. चौतीस वर्षं ऐकलेलं. आजही भर उन्हात कोणी हात वर केले की मी आधी त्याच्या बाह्यांकडे बघते.

शेजारच्यांनी जीप आणली. शेजारीण कमलताईंपाशी बसली आणि आम्ही अंबाजोगाईकडे निघालो. अण्णांचे हात ओल्या चादरीत होते आणि दात एकमेकांवर आपटत होते. धारूर मागे पडल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, गांजा होता."

पोरांच्या पुड्या धुऊन टाकणारा हा माणूस! मला वाटलं, वेदनेने भ्रम झाला. पण ते नीट सांगत होते, अगदी प्रयोगवहीत लिहिल्यासारखं. चुलतभाऊ मेंढरं घेऊन गावावरून गेला, त्याच्याकडे जनावरांच्या औषधासाठी पाला होता. स्पिरिट कुठून आलं ते त्यांनी मला सांगितलं, पण मी लिहिणार नाही. पंधरवड्यापूर्वी एकदा थोडंसं तेल काढलं. तेव्हा खिडक्या उघड्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "अण्णा, काल तुमच्याकडून कसला वास येत व्हता वो? बैराग्याच्या मठासारखा?" ते म्हणाले, धूप घातला होता.

"त्ये तेल दिलं का तुम्ही ताईंना?" मी विचारलं. तोंडात त्यांचीच भाषा आली.

"दिलं. दीड दिस निजली. उठली तर मला वळखंना. म्हनली, तुमी कोन, माझा मालक कुटं गेला? मी रातंदिस तिचा श्वास मोजत बसलो. बाटलीवर चिठ्ठी लावायला घेतली आन हात थांबला. काय लिवू? किती ताकद हाय त्ये मलाच ठाव न्हाई. सगळ्या आयुष्यात एक बाटली बिनचिठ्ठीची ठेवली बाई."

"मग पुन्हा का केलंत?"

"त्या दीड दिसात ती कन्हली न्हाई."

'आराम हाय' या दोन शब्दांच्या आत काय होतं ते मला तेव्हा कळलं. तो मोबाईलवरचा गोरा माणूस हसत हसत सांगत असेल, पण अण्णांच्या घरी रोज पहाटे कमलताई कशा कण्हत होत्या ते कोणाला माहीत नव्हतं. हे दुसऱ्यांदा जरा हलकं करू, असं त्यांच्या मनात होतं. पण आता वास बाहेर जाता कामा नये. म्हणून शेगडी अंगणात नेली, घरातली काडेपेटी स्वतःच्या खिशात घातली, सगळं नीट आठवून केलं आणि खिडक्या लावल्या. आधी खिडकी म्हणणाऱ्या माणसाने खिडकी लावली, कारण त्याला लोकांची लाज वाटली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं कसं झालं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून म्हणाले, "स्टो भडकला." मी आयुष्यात खोटं बोलले नाही असं म्हणणार नाही, पण तिथे मला ते जमलं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या आता पोलिसांना बोलावतील, मला रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांच्या मिसेसना दुखण्यासाठी काय चालू आहे?"

"ताप-अंगदुखीच्या गोळ्या."

"आणि मॉर्फिन?"

मी म्हटलं, ते तर मोठ्या ऑपरेशनला देतात ना? त्यांनी कपाळाला हात लावला. मुलांनो, तो क्षण मला आगीपेक्षा भयंकर वाटतो. कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. कायद्याने मिळतात, ठरलेल्या ठिकाणी, डॉक्टरांच्या कागदावर. मोजून, वेळेवर घ्यायच्या, किती ताकद ते पाकिटावर छापलेलं. आमच्यापासून एसटीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका रुग्णालयात तो विभाग होता. कोणी विचारलंच नव्हतं. अण्णांनी नाही, कारण घरी न्या म्हटल्यावर पुढे बोलायची त्यांना भीड वाटली. मी नाही, कारण माझ्यापाशी 'आराम हाय' ही चिठ्ठी होती.

जळाल्याची केस म्हणून जमादार जबाब घ्यायला आला. तो अण्णांचाच विद्यार्थी निघाला. खुर्चीच्या कडेवर बसला, वही उघडली आणि स्वतःच म्हणाला, "सर, स्टो भडकला ना? मी लिवतो, तुमी नुसतं हो म्हना."

अण्णांचे दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे उशीवर ठेवलेले. डॉक्टरीणबाईंना जे स्वतः बोलले होते तेच आता समोरून आयतं आलं होतं. ते म्हणाले, "न्हाई बे. खोटी चिठ्ठी लावू नको. लिव, बंद खोलीत स्पिरिट व्हतं. खिडकी मी लावलती."

"बरं सर. लिवलं."

"आता इचार, त्यात काय भिजत घातलं व्हतं."

त्यांना नेलं तर कमलताईंचं कोण करणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जमादाराने पेनाला टोपण घातलं. "सर, आठवीत तुमी आमची पुडी धुतली, पन बापाला कधी नाव सांगितलं न्हाई. जे जळून गेलं त्ये मी कावून इचारू?" तो उठला आणि जाताना त्याने वॉर्डची खिडकी उघडली.

त्याने बरोबर केलं की चूक, ते मी ठरवू शकत नाही. एवढं खरं, की त्याने पुढे काही विचारलं नाही.

गोळ्यांचा कागद डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या रुग्णालयातून तुमच्या आजोबांनी आणला. कमलताई आणखी साडेचार महिने होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या खाटेवर बसून मला म्हणाल्या, "बाई, भाकरी करू का?" केल्या नाहीत, पण म्हणाल्या. अण्णांची बोटं आखडली होती, पेन धरता येत नव्हतं. म्हणून गोळ्यांच्या बाटलीवरची चिठ्ठी मी लिहिली आणि त्यांनी तोंडी सांगितली. नाव, ताकद, किती वाजता, किती. मी लिहून दाखवलं, त्यांनी अक्षरं मोजली. मग म्हणाले, "खाली लिवा, कमलची." मी लिहिलं. कमलताई गेल्या तेव्हा दुपार होती, खिडक्या उघड्या होत्या आणि त्या कण्हत नव्हत्या.

दिवस झाल्यावर मी अण्णांकडे गेले. इतके महिने जे बोलायचं होतं ते बोलले. "अण्णा, काडी मी ओढली."

ते वाकड्या बोटांनी धोतराची गाठ सारखी करत होते. "खिडकी मी लावलती, बाई."

"पण काडी..."

"तुमी दिवा लावायला गेलत्या. मी लपवायला. आता ह्ये पुना काढू नका." मी पुन्हा काढलं नाही. त्यानंतर ते साडेपाच वर्षं होते. रोज सकाळी माझ्याकडे एक चहा. बोलणं थोडंच. गेल्या हिवाळ्यात झोपेत गेले.

ईशान, मी तुला उपदेश करायला हे लिहिलेलं नाही. तिकडचे कायदे मला कळत नाहीत आणि तुझ्या मित्राला मी ओळखत नाही. खिडकी उघडून करा, असंही मी म्हणत नाही. करूच नका. चौतीस वर्षं स्पिरिट हाताळलेल्या माणसाच्या घरात हे झालं. तुझ्या मित्राला फक्त जादूवाल्या आजोबांची काडी आठवून सांग. आणि तुमच्यापैकी कोणाला कधी कुठे दुखत असलं, शरीरात किंवा आणखी कुठे, तर मला 'सगळं मस्त' असं सांगू नका. मी आता त्या उत्तरावर फोन ठेवत नाही.

माझ्या पर्समध्ये रुमाल आहे, सेफ्टी पिना आहेत, जादा पेन आहे. काडेपेटी नाही.

मागच्या महिन्यात मी शाळेत गेले होते. प्रयोगशाळेत आता टाइल्स आल्या आहेत, कपाटं लोखंडी झाली आहेत, बाटल्यांवर छापील नावं आहेत. नदीतले गोटे कोणीतरी झाडाभोवती मांडले आहेत. पण दारातून शिरल्यावर पहिली लागते त्या खिडकीच्या लाकडी चौकटीवर, रंगाच्या दोन थरांखालून दिसणारी एक चिठ्ठी आहे, निळ्या शाईची. 'आधी मला उघड.' ती अजून आहे.

तुमची
आजी